बाटूरचा काळा लाव्हा आणि अर्ध्या दिवसाची जीप : बालीला पहिल्यांदा जाणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

बाटूर ज्वालामुखीच्या जीप सफरीला आम्हाला न्यायला ठरलेली गाडी शनिवारी पहाटे तीन वाजता बालीतील उबुद गावातल्या आमच्या मुक्कामाच्या दारात आली, पाऊण तास थांबली आणि निघून गेली. त्या वेळी आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, आई आणि मेहुणा, गाढ झोपेत होतो. ‘शनिवार, पहाटे ३’ हे शब्द आम्ही आठवडाभर आधी वाचले होते. पण शनिवारचा दिवस फिरून, रात्रीचे जेवण करून मग तीनला निघायचे, असा त्यांचा अर्थ चौघांनीही आपापला लावून घेतला होता. पैसे परत मिळाले नाहीत आणि नियमाप्रमाणे ते मिळणारही नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण रक्कम भरून आम्ही गेलो. दुसऱ्या बुकिंगच्या वेळी मी जे प्रश्न विचारले ते पहिल्याच वेळी विचारायला हवे होते, हे तेव्हा कळले. आपल्याकडून बालीला जाणाऱ्यांना निदान तेवढा भुर्दंड पडू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

१. सफर म्हणजे नेमके काय, ते आधी समजून घ्या

बाली हे डोंगराळ बेट आहे आणि त्याचे डोंगर ज्वालामुखीचे आहेत. ईशान्येकडील किंतामणी भागात बाटूर हा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याची उंची १,७१७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम ७१ मीटर जास्त. त्यामुळे आकड्यावरून छाती दडपण्याचे कारण नाही. वेगळेपण आहे ते जागेच्या घडणीत. गुऱ्हाळावरची काहील डोळ्यांपुढे आणा. अशी एक काहील, जिचा एक व्यास सुमारे १३ किलोमीटर आणि दुसरा सुमारे १० किलोमीटर आहे, प्राचीन स्फोटांनंतर जमीन खचून तयार झाली. तिच्या तळाशी पुन्हा नवा सुळका उभा राहिला, तो बाटूर. आणि त्याच्या कडेने चंद्रकोरीसारखे पाणी साचले, ते बाटूर सरोवर, बालीतील सर्वांत मोठे. काहिलीच्या काठावर गावे, देवळे आणि हॉटेले आहेत. तुम्ही काठावरून तळाकडे उतरता आणि तिथे जीपमध्ये बसता. हा सगळा परिसर २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक भूउद्यानांच्या यादीत आहे.

येथे पहिला गैरसमज दूर केलेला बरा. जीप बाटूरच्या शिखरावर जात नाही. शिखरावर स्थानिक वाटाड्याबरोबर पायीच जावे लागते आणि त्या चढाईला साधारण दोन तास लागतात. जीप उतारावरील एखाद्या मोकळ्या जागेपर्यंत नेते. तेथून सूर्योदय पाहायचा, नाश्ता करायचा आणि मग १९६३ च्या उद्रेकात वाहून आलेल्या काळ्या लाव्ह्याच्या पठारावर फिरायचे, असा क्रम असतो. जाहिरातीत ‘ज्वालामुखीवर जीपने’ असे लिहिलेले असते आणि वाचणारा मनातल्या मनात थेट विवराच्या तोंडाशी पोहोचतो. मेहुण्याचे तसेच झाले होते आणि त्याचा विरस निम्मी सफर टिकला.

‘अर्धा दिवस’ हा शब्दही नीट समजून घ्यावा. प्रत्यक्ष जीपमधला वेळ तीन-चार तासांचा असतो. पण मुक्कामावरून नेणे-आणणे धरले तर हा अर्धा दिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो आणि दुपारी जेवणाच्या वेळी संपतो.

२. महिना निवडताना आपले पंचांग बाजूला ठेवा

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पाऊस कोसळत असतो, पंचगंगेचे पाणी कुठवर आले याची चौकशी चालू असते आणि तेव्हा सहलीचा विचार सुचत नाही. बालीत मात्र साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम असतो आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. म्हणजे आपली दिवाळीनंतरची आणि नाताळची सुट्टी तिथल्या पावसात जाते. पावसात जीप जाते, पण सूर्योदयाच्या जागी पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसेल याची खात्री नसते. जमत असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जावे. त्या काळात गर्दी आणि दर दोन्ही जास्त असतात, हे मात्र धरून चालावे.

मार्चमध्ये जाणार असाल तर न्येपीचा दिवस तपासा. ते तिथल्या शकाचे नववर्ष आहे आणि त्यांचा शक व आपला शक एकच, इसवी सनातून ७८ वजा केलेला. त्यामुळे हा दिवस कधी आपल्या पाडव्याला लागून येतो, तर कधी महिनाभर आधी. आपण गुढी उभारतो, ते मौन पाळतात. त्या दिवशी संपूर्ण बेट बंद असते, रस्त्यावर पाऊल टाकता येत नाही आणि विमानतळसुद्धा २४ तास बंद ठेवला जातो.

३. कागदपत्रे

जीपसाठी वेगळा परवाना लागत नाही. बालीत प्रवेश मिळण्यासाठी जे लागते तेवढेच. तरीही चुका इथेच होतात, म्हणून यादी देतो.

- पासपोर्ट : पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने मुदत आणि कोरे पान हवे. पान फाटलेले, भिजलेले किंवा शिवण उसवलेली असेल तर तो बदलून घ्या. खराब पासपोर्टवरून प्रवाशांना परत पाठवण्याच्या बाबतीत बाली कडक आहे.
- व्हिसा : भारतीयांना पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा चालतो. तो ऑनलाइनही आधी काढता येतो. शुल्क ५ लाख रुपिया, मुदत ३० दिवस. लहान मुलांनाही स्वतंत्र व्हिसा लागतो.
- बालीचा पर्यटन कर : प्रत्येक परदेशी पाहुण्याला १ लाख ५० हजार रुपिया. हा कर १४ फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे. ऑनलाइन भरून पावती मोबाइलमध्ये ठेवावी.
- आगमनापूर्वीचे ऑनलाइन घोषणापत्र आणि त्याचा क्यूआर कोड.
- परतीचे तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता, दोन्ही कागदावर छापलेले.
- प्रवास विमा : त्यात उघड्या जीपमधील, रस्त्याबाहेरच्या सफरीतील अपघात धरला आहे का, ते विमा घेतानाच लेखी विचारावे.

आकडे वाचून दचकू नका. लाख रुपिया म्हणजे आपले साधारण पाचशे-साडेपाचशे रुपये. दर वरखाली होत असतो. दचकायचे ते बनावट संकेतस्थळांना. व्हिसाचे शुल्क दुप्पट-तिप्पट घेणारी, सरकारी वाटणारी अनेक पाने शोध घेताच वर येतात. इंडोनेशियाच्या खऱ्या सरकारी पत्त्याचा शेवट ‘गो डॉट आयडी’ असा असतो. तो दिसला नाही तर कार्डाचा क्रमांक टाकू नये.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. कोल्हापूरकराला मुंबई आणि बंगळूर असे दोन पर्याय आहेत आणि आपण सवयीने महालक्ष्मी एक्स्प्रेसचे तिकीट काढून मोकळे होतो. दोन्हीकडची विमाने आणि त्यांच्या वेळा ताडून मगच ठरवावे. आम्ही बंगळूरहून गेलो. रात्रीच्या बसने सकाळी बंगळूर, आणि पुढे थेट विमान.

४. बुकिंग : पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

सफर चांगली होणार की वाईट, हे बहुतांशी इथेच ठरते. जीपवाले सगळे सारखेच, डोंगर तोच, सूर्यही तोच. फरक पडतो तो कशासाठी पैसे दिले आहेत हे तुम्हाला माहीत आहे की नाही, याने. खालील गोष्टी व्हॉट्सअॅपवर लेखी विचाराव्यात आणि उत्तरे जपून ठेवावीत.

पहिला प्रश्न अर्थातच तारखेचा. ‘शनिवार पहाटे ३’ असे न लिहिता ‘शुक्रवारी रात्री झोपून शनिवार उजाडण्यापूर्वी ३’ असे लिहून त्यांच्याकडून होकार घ्यावा. हसू येईल, पण लिहावे. शिवाय बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले तीन म्हणजे कोल्हापुरातले साडेबारा. पहिल्या दोन दिवसांत शरीर कोल्हापूरच्या घड्याळावरच चालत असते. त्यामुळे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ही सफर ठेवू नये. तिसरा किंवा चौथा दिवस योग्य.

दुसरा प्रश्न दराचा : माणशी की जीपमागे? एका जीपमध्ये चालकाशिवाय साधारण चार जण बसतात. (आई जीपकडे पाहून म्हणाली, “एवढीच चार? आपल्या वडापात एवढ्यात बारा बसली असती.”) दोघेच असाल तर तुमच्याबरोबर अनोळखी लोक बसवणार का, हे विचारा. लहान मुलाचा दर वेगळा आहे का, हेही त्याच वेळी.

तिसरा प्रश्न मार्गाचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. सूर्योदयाची जागा कोणती, काळ्या लाव्ह्यावर जीप किती वेळ थांबणार, आणि तेवढा वेळ ठरलेला आहे की चालकाच्या मर्जीवर? स्वस्त सफरींत सूर्योदयानंतर लाव्ह्यावर दहा मिनिटे फोटो काढून गाडी परत फिरवतात. हे मी तिथे दुसऱ्या प्रवाशांच्या बाबतीत पाहिले. आम्ही एक तास मागून घेतला होता आणि तो कमीच पडला.

चौथा : मुक्कामावरून नेणे-आणणे दरात आहे का? उबुदहून किंतामणीला तास-दीड तास लागतो. किनाऱ्यावरच्या कुटा किंवा सेमिन्याकहून दोन तास किंवा जास्त, आणि तिथून पहाटे दोनच्या सुमारास निघावे लागते. किनाऱ्यावर मुक्काम असेल तर मी सुचवीन की एक-दोन रात्री उबुदला राहून ही सफर करावी. झोपेचा एक तास वाचतो आणि त्या एका तासाची किंमत पहाटे कळते.

पाचवा प्रश्न शाकाहारी मंडळींसाठी. नाश्त्यात उकडलेले अंडे, ब्रेड, केळी असा प्रकार असतो. अंडेही चालत नसेल तर ‘तान्पा तलुर, तान्पा दागिंग’ असे कळवा. तान्पा म्हणजे शिवाय, तलुर म्हणजे अंडे, दागिंग म्हणजे मांस. एवढ्याने काम भागते असे मात्र समजू नये, कारण तिथल्या सांबल नावाच्या मिरचीच्या ठेच्यात बहुधा सुक्या कोळंबीचे वाटण असते, त्याला तरासी म्हणतात, आणि ते कोणी मांसात मोजत नाही. आईने कोल्हापूरहून भडंग आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. नाश्त्याच्या वेळी आमच्या चालकाने भडंग खाऊन पाहिले आणि पुडीच मागून घेतली.

आणि शेवटचा : ज्वालामुखीची स्थिती काय आहे? इंडोनेशियात ज्वालामुखीच्या इशाऱ्याचे चार स्तर आहेत : नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी अॅपवर प्रत्येक ज्वालामुखीचा सध्याचा स्तर दिसतो. तो जाण्यापूर्वी स्वतः पाहावा. सफर विकणारा माणूस सहसा ‘सगळे ठीक आहे’ असेच सांगतो.

सूर्योदयाचीच सफर घ्यावी का? सगळे तीच घेतात. पण घरात वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील तर सकाळी आठ-नऊला सुरू होणारी दिवसाची सफर मिळते, ती पाहावी. सूर्योदय चुकतो, पण लाव्हा, सरोवर, सुळका सारे स्पष्ट दिसते आणि गर्दी ओसरलेली असते. दुपारकडे ढग चढतात, म्हणून फार उशीर करू नये. गरोदर स्त्रिया, मणक्याचे किंवा मानेचे दुखणे असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी मात्र कोणत्याच वेळची जीप घेऊ नये. काठावरच्या पेनेलोकान येथून तोच सुळका आणि तेच सरोवर खुर्चीत बसून दिसते. त्यात कमीपणा काही नाही.

५. आदल्या रात्री भरायची पिशवी

बाली म्हणजे उकाडा, असे समजून लोक अर्ध्या चड्डीत येतात आणि पहाटे हॉटेलची चादर गुंडाळून कुडकुडत उभे राहतात. बाटूरच्या उतारावरची पहाट थंड असते. डिसेंबरात पन्हाळ्यावर सकाळी चहाच्या गाडीजवळ उभे राहिल्यासारखी, वर उघड्या जीपचा वारा. जाड जॅकेट, कानटोपी आणि पूर्ण पॅन्ट घ्या.

पायांत बंद बूट. कोल्हापुरी चप्पल बालीत दाखवण्याची हौस मलाही होती आणि समुद्रकिनाऱ्यावर ती खुशाल घालावी. लाव्ह्यावर मात्र नाही. तो दगड खडबडीत आणि काचेसारख्या धारेचा आहे, तोल गेला तर तळहात सोलून निघतो. शिवाय काळी वाळू चामड्याच्या पट्ट्याखाली शिरून दोन पावलांत टाच घासते.

धुळीसाठी रुमाल किंवा मास्क, चष्मा किंवा गॉगल, पाण्याची बाटली, मळमळीची गोळी, छोटी बॅटरी. गरम पाण्याच्या कुंडांत उतरायचे असेल तर पोहण्याचे कपडे आणि पंचा. देवळात जायचे असेल तर कमरेला गुंडाळायला सारोंग आणि वरून बांधायचा पट्टा. दोन्ही तिथे भाड्यानेही मिळते. सुट्ट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. अंधारात एक शून्य कमी-जास्त वाचले जाते : १ लाखाची नोट लाल, १० हजारांची जांभळट, टॉर्चच्या उजेडात दोन्ही एकच वाटतात. मेहुण्याने चहाला लाखाची नोट दिली होती. चहावाल्या बाईंनी ती परत केली, म्हणून कळले.

६. पहाट : जीपमध्ये बसताना

काठावरून खाली उतरणारा रस्ता नागमोडी आणि तीव्र उताराचा आहे. त्याच रस्त्याने काळी वाळू भरलेले ट्रक वर येत असतात. मळमळ होणाऱ्याने पुढे बसावे. खाली तळावर जीप रांगेने उभ्या असतात, बहुतेक जुन्या, लहान, भडक रंगवलेल्या आणि टप उघडा केलेल्या.

जीपमध्ये चढण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा : धरायला पक्का दांडा आहे का, पट्टे आहेत का, आणि मागच्या बाकाचे बोल्ट हलत नाहीत ना. पट्टे प्रत्येक जीपमध्ये असतीलच असे नाही. नसतील तर दुसरी जीप मागावी. मागितली तर बहुधा देतात, न मागता कोणी देत नाही. फोटोसाठी धावत्या जीपमध्ये उभे राहायला सांगतील. राहू नका. गाडी थांबवून तोच फोटो मिळतो.

आमच्या चालकाने निघण्यापूर्वी पुढच्या काचेखाली एक लहान परडी ठेवली. ताटलीएवढीही नाही, तळहातात मावेल अशी, माडाच्या पानाची. तिच्यात झेंडूच्या पाकळ्या, चिमूटभर भात, एक गोड गोळी, आणि वर पेटती उदबत्ती. तिला चानांग सारी म्हणतात आणि ती रोज ठेवतात. गाडी पहिल्या चरात आपटली तेव्हा उदबत्तीची राख त्याच्या मनगटावर पडली. त्याने ती न झटकता आधी परडी सरळ केली आणि मग गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारचा लहान दांडा मागे ओढला. इंजिनाचा आवाज एकदम जड झाला आणि गाडी ट्रॅक्टरसारखी सावकाश चढू लागली. चढावर असा संथपणा आला तर घाबरू नये, उलट तोच चांगल्या चालकाचा गुण आहे. वाळूत वेग घेऊन चढणारा चालक मिळाला तर ‘प्लान-प्लान, ब्ली’ असे म्हणावे. प्लान-प्लान म्हणजे हळूहळू, आणि ब्ली म्हणजे दादा. वयाने मोठ्या माणसाला ‘पाक’ म्हणतात. ही हाक मारल्याने माणूस लगेच मोकळा होतो, हे आपल्याकडच्याप्रमाणेच. अशा परड्या जमिनीवर, दाराशी, वाटेतही ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर पाय पडू देऊ नये.

सूर्योदयाची वेळ वर्षभरात पावणेसहा ते पावणेसातच्या दरम्यान सरकते. जागेवर पोहोचल्यावर तास-दीड तास अंधारातच थांबावे लागते. सरोवरापलीकडे अबांगचा डोंगर (२,१५२ मीटर) आणि त्यामागे अगुंग (सुमारे ३,००० मीटर) दिसतात. हवा स्वच्छ असेल तर समुद्रापलीकडच्या लोंबोक बेटावरचा रिंजानीही. सूर्योदय सुंदर होता, हे नाकारत नाही. पण आमच्या आजूबाजूला कितीतरी जीपांचे दिवे, धूर, स्पीकरवरची गाणी आणि प्रत्येक टपावर उभे राहून फोटो काढून घेणारी मंडळी होती. उजाडण्याच्या त्या पंधरा मिनिटांसाठीच एवढा प्रवास केला, असे मनाशी धरून गेलात तर थोडी निराशा होईल.

७. काळा लाव्हा : येथे घाई करू नका

माझ्या मते सफरीचा खरा ऐवज इथे आहे. सूर्य वर आला की बहुतेक लोक परतीच्या किंवा गरम कुंडांच्या दिशेने निघतात. तुम्ही लाव्ह्यावर थांबा.

१९६३ साली बाटूरच्या उतारावरून वाहत आलेला हा रस जिथे थिजला तिथेच अजून आहे. नांगरून उलटी टाकलेली ढेकळे असावीत तशी, पण माणसाच्या उंचीची आणि कोळशासारखी काळी. त्यांच्यामधून जीपची वाट काढलेली आहे. साठ वर्षे हा इथल्या दगडाच्या दृष्टीने काहीच काळ नाही. फटींतून नेचे आणि गवत नुकते कुठे डोके काढू लागले आहे. मेहुण्याच्या घरी बांधकामाचा व्यवसाय आहे. त्याने एक तुकडा हातात घेतला, उलटापालटा केला, त्यातील वायूच्या बुडबुड्यांची भोके पाहिली आणि म्हणाला, “हा आपलाच काळा दगड की रं, कच्चा.” बोलणे ढोबळ होते, पण चुकीचे नव्हते. जोतिबाचा डोंगर, पन्हाळ्याचा पाया, अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहे आणि बाटूरचा दगड त्याच कुळातला. आपला दगड झिजून, घासून, देवळाच्या खांबांत गुळगुळीत झालेला आपण पाहतो. तो थंड झाल्या-झाल्या कसा दिसत असेल ते इथे हाताला लागते. आई बराच वेळ एका ढेकळाला हात लावून उभी होती.

तुकडा पाहून झाला की मेहुण्याने तो जागेवर ठेवला. खडे पिशवीत घालून आणू नयेत. ही संरक्षित भूमी आहे. ढेकळांवर चढून फोटो काढू नयेत, कारण वरचा थर पोकळ असू शकतो आणि पाय आत गेला तर घोटा सोलून निघतो. आखलेल्या वाटेवरून चालावे.

चालक अनेकदा १९६३ च्या दोन गोष्टी एकत्र करून सांगतात. त्याच वर्षी शेजारच्या अगुंगचाही मोठा उद्रेक झाला होता आणि त्यात हजाराहून अधिक माणसे मेली. ती हानी अगुंगची. तुमच्या पायाखालचा लाव्हा बाटूरचा. बाटूरने गाव गिळले ते १९२६ साली. तेव्हा तळाशी असलेले बाटूर गाव आणि त्याचे देऊळ उद्रेकात सापडले आणि गावकऱ्यांनी दोन्ही उचलून काहिलीच्या काठावर नेले. तेच आजचे पुरा उलुन दानु बाटूर, सरोवराच्या देवीचे देऊळ. परतताना ते वाटेवर लागते. सारोंग नेसून अर्धा तास तिथे जरूर द्यावा.

लाव्हा जिथे संपतो तिथे सरोवराच्या कडेला कांदा आणि टोमॅटोचे वाफे आहेत, काळ्या वाळूतच. शेतकरी घरातून आलेल्याने गाडी थांबवून ते पाहावेत.

८. परतीचे थांबे आणि त्यांतील मेख

तोया बुंगकाह येथे सरोवराला लागून गरम पाण्याची कुंडे आहेत. प्रवेशशुल्क सफरीच्या दरात आहे की नाही, हे आधी विचारलेले असावे. हाडे खिळखिळी झाल्यावर ते पाणी बरे वाटते. आईने फक्त पाय बुडवले आणि तेवढ्यावर ती खूश होती.

त्यानंतर गाडी न विचारता कॉफीच्या बागेत वळते. तिथे चव पाहायला लहान कपांतून दहा प्रकार फुकट देतात आणि मग लुवाक कॉफीचा कप व पुडे यांचे दर सांगतात. लुवाक म्हणजे उदमांजरासारखा प्राणी. त्याने फळे खाऊन विष्ठेतून टाकलेल्या बियांची ती कॉफी. चालकाला तिथे दलाली मिळते, त्यात त्याचा दोष मानू नये. पण पिंजऱ्यातली ती जनावरे पाहून आमच्या घरच्यांना तो थांबा आवडला नाही. नको असेल तर सकाळी निघतानाच सांगावे. त्याऐवजी किंतामणीची संत्री घ्यावीत, किंवा मासे खाणाऱ्यांनी काठावरच्या खानावळीत सरोवरातला मुजाइर मासा मागावा. मसाल्यात आटवलेला असतो आणि तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेलाही तो मिळमिळीत लागत नाही.

चालकाला टिप देणे सक्तीचे नाही. आमच्या जीपच्या आणि गाडीच्या चालकाला आम्ही वेगवेगळी दिली, कारण ते दोन वेगळे लोक असतात आणि एकाकडे दिलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

त्या दिवशी दुपारनंतर काही ठरवू नका आणि परतीचे विमान तर मुळीच ठेवू नका. वाटेतल्या उत्सवाच्या मिरवणुकीमुळे रस्ता तासभर बंद राहू शकतो. मुक्कामावर पोहोचल्यावर बूट, कॅमेरा आणि पिशव्यांच्या चेनी ओल्या फडक्याने लगेच पुसून घ्याव्यात. ही वाळू अतिशय बारीक असते. आम्ही आळस केला, आणि पत्नीच्या बॅगेची चेन बंगळूरच्या विमानतळावर जी अडकली ती कोल्हापुरात आल्यावर कात्रीने कापूनच उघडावी लागली.